सहा पिस्टन, सहा रॉड आणि शतांश मिलिमीटरचा हिशेब

एका रांगेत सहा सिलिंडर असलेलं इंजिन, म्हणजे इनलाइन सिक्स, ज्यांना आवडतं त्यांच्या मनात कधी ना कधी हा बेत शिजतोच: टर्बोचं प्रेशर वाढवायचं, आणि इंजिनाने ते सोसावं म्हणून आतले पिस्टन व कनेक्टिंग रॉड काढून फोर्ज केलेले, जास्त मजबूत घालायचे. हा लेख असा बेत करणाऱ्यांसाठी आहे. उदाहरणाला टोयोटाचं २जेझेड इंजिन घेतलं आहे. ए८० सुप्रामुळे ते जगभर गाजलं. परदेशात राहणाऱ्या मराठी वाचकांना ते जुन्या लेक्सस आयएस ३०० किंवा जीएस ३०० मध्येही भेटतं. निस्सानचं आरबी असो की बीएमडब्ल्यूचं सिक्स, आकडे बदलतील, पण कामाची रीत हीच राहील.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. मजबूत सुटे भाग पैसे दिले की मिळतात. ते इंजिनात टिकतात की नाही, हे मात्र मोजमापावर ठरतं. महागडे पिस्टन चुकीच्या फटीने बसवले तर कंपनीच्या साध्या पिस्टनइतकेही चालत नाहीत.

आधी ठरवा, तुमचं इंजिन कशाने मोडेल?

२जेझेडचा बोअर ८६ मिमी, स्ट्रोकही ८६ मिमी, आणि क्षमता २,९९७ सीसी. ब्लॉक ओतीव लोखंडाचा, हेड अॅल्युमिनियमचं, क्रँकला सात मेन बेअरिंग. या इंजिनाच्या रॉडवर दोन अगदी वेगळे जोर येतात.

पहिला जोर दाबाचा. सिलिंडरमधला दाब १०० बार धरला, तर ८६ मिमीच्या पिस्टनवर जवळपास ५.९ टन भार येतो आणि तो सगळा रॉडमधून क्रँकवर उतरतो. टर्बो लवकर भरून कमी आरपीएमलाच मोठा टॉर्क मिळू लागला, की याच भाराने रॉड वाकतात.

दुसरा जोर ओढीचा. पिस्टन वर जाऊन थांबतो आणि परत खाली खेचला जातो, तेव्हा रॉड ताणला जातो. पिस्टन, गजन पिन, रिंगा आणि रॉडचं वरचं टोक मिळून ६०० ग्रॅम धरले, तर ७,००० आरपीएमला ही ओढ सुमारे १.८ टन होते आणि ८,००० ला सुमारे २.४ टन. आरपीएम सातव्या हिश्श्याने वाढले, तर ओढ जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने वाढली, कारण ती वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. एक्झॉस्ट स्ट्रोकच्या शेवटी वरून वायूचा दाबही नसतो. सगळी ओढ रॉडच्या दोन बोल्टांवर येते. रॉड ब्लॉक फोडून बाहेर येण्याच्या कितीतरी घटनांची सुरुवात या बोल्टांपासून होते.

पिस्टनचा शत्रू तिसराच आहे, नॉकिंग. इंधन अवेळी पेटलं की पहिल्या दोन रिंगांच्या मधली कड तुटते किंवा पिस्टनचा माथा वितळतो.

म्हणून कागदावर तीन गोष्टी लिहा: किती हॉर्सपॉवर हवी, किती आरपीएमपर्यंत जायचं, आणि गाडी रोज रस्त्यावर चालणार की फक्त ट्रॅकवर. टर्बो असलेल्या २जेझेड-जीटीईला जपानमध्ये २८० पीएस जाहीर होते. नीट ट्यून केलेल्या मूळ हाफ इंजिनावर, म्हणजे हेड सोडून खालच्या भागावर, याच्या दुपटीपर्यंत गेलेली उदाहरणं जगभर पुष्कळ आहेत. तुमचं लक्ष्य त्याच्या आत असेल, तर हाच पैसा इंधनपंप, इंजेक्टर आणि चांगल्या ट्यूनिंगवर खर्च करणं जास्त शहाणपणाचं ठरेल. टर्बो नसलेल्या २जेझेड-जीईचं गणित वेगळं आहे. त्याचं कॉम्प्रेशन १०:१, नंतरच्या व्हीव्हीटी-आय आवृत्तीचं १०.५:१, आणि या आवृत्तीचे रॉड अंगाने बारीक आहेत. तिथे मोठा टर्बो लावायचा, तर रॉड-पिस्टन बदलणं ही खरी गरज आहे.

पिस्टन निवडताना

फोर्ज पिस्टन प्रामुख्याने दोन मिश्रधातूंचे मिळतात, ४०३२ आणि २६१८. ४०३२ मध्ये सुमारे १२ टक्के सिलिकॉन असतं. त्यामुळे तो तापल्यावर कमी फुगतो, सिलिंडरमध्ये कमी फटीने बसतो, थंडीत आवाज करत नाही आणि त्याची झीजही कमी होते. मात्र जोराचं नॉकिंग झालं तर तो तडकतो. २६१८ मध्ये सिलिकॉन जवळपास नसतंच. तो जास्त चिवट असतो आणि तडकण्याआधी थोडा सोसतो, पण जास्त फुगत असल्यामुळे फट मोठी ठेवावी लागते. थंड इंजिन सुरू केल्यावर त्याची टकटक ऐकू येते आणि इंजिन तापलं की ती थांबते. रोजची गाडी आणि मध्यम बूस्ट असेल तर ४०३२ घ्या. मोठा बूस्ट आणि ट्रॅकचं काम असेल तर २६१८.

कॉम्प्रेशन रेशो स्वतः काढा, पुडक्यावरचा आकडा तसाच मानू नका. एका सिलिंडरची क्षमता ४९९.६ सीसी. जीटीईच्या ८.५:१ साठी पिस्टन अगदी वर असताना ६६.६ सीसी जागा उरायला हवी, ९:१ साठी ६२.४ आणि १०:१ साठी ५५.५. हेडमधली पोकळी, गॅस्केटची जाडी, पिस्टनच्या माथ्यावरचा खड्डा आणि पिस्टन डेकच्या किती वर किंवा खाली थांबतो, या सगळ्यांची बेरीज म्हणजे ती जागा. ब्लॉक किंवा हेड प्लेन केलं की ती घटते. जाड गॅस्केट घालून जीईचं कॉम्प्रेशन उतरवायचा सोपा मार्ग पुष्कळ जण घेतात. अर्धा मिलिमीटर जादा जाडीने १०:१ चं साधारण ९.५:१ होतं खरं, पण पिस्टन आणि हेडच्या कडांमधली जागाही वाढते, मिश्रण नीट घुसळलं जात नाही आणि नॉकिंगला वाव मिळतो. कॉम्प्रेशन योग्य पिस्टन निवडूनच उतरवावं.

आणखी एक तपासणी राहून जाते. जीटीईच्या ब्लॉकमध्ये पिस्टनच्या पोटावर तेल उडवणाऱ्या नळ्या असतात, जीईमध्ये नसतात. नळ्या असतील तर नव्या पिस्टनचा स्कर्ट आणि नव्या रॉडचं टोक त्यांना घासत नाही ना, हे क्रँक हाताने पूर्ण फिरवून प्रत्येक सिलिंडरला पाहा.

रॉड निवडताना

२जेझेडचा रॉड मध्यापासून मध्यापर्यंत १४२ मिमी, गजन पिन २२ मिमी आणि क्रँकचा रॉड जर्नल ५२ मिमी. नवा रॉड आणि नवा पिस्टन या मापांशी आणि एकमेकांशी जुळतात ना, हे मागणी नोंदवण्याआधी लेखी विचारून घ्या.

एच-बीम की आय-बीम यावर वाद खूप होतो. दोन्ही आकारांचे उत्तम रॉड आहेत आणि दोन्ही आकारांचे वाईटही. आकारापेक्षा बोल्ट महत्त्वाचा. बोल्ट एआरपी २००० दर्जाचे की त्याहून वरच्या एआरपी कस्टम एज ६२५ प्लस दर्जाचे, हे पाहा. जास्त आरपीएमला जायचं असेल तर बोल्टांवर पैसा वाचवू नका. नकली बोल्ट बाजारात येतात, म्हणून खात्रीच्या विक्रेत्याकडूनच घ्या.

वजन आणि डॅम्पर

इनलाइन सिक्स इतकं गुळगुळीत चालतं, कारण पहिला-सहावा, दुसरा-पाचवा आणि तिसरा-चौथा पिस्टन जोडीने वर-खाली होतात आणि सहा जणांचे झटके एकमेकांना पुरते फेडून टाकतात. हे फेडणं साही वजनं सारखी असली तरच होतं. पिस्टन पिनसकट तोला. रॉडचं मोठं टोक वेगळं आणि लहान टोक वेगळं तोला, कारण दोन्ही टोकांचं काम निराळं आहे. सर्वांत हलक्याशी बाकीचे एका ग्रॅमच्या आत जुळवा. काहींना वाटतं की हलके पिस्टन घातले की व्ही-८ प्रमाणे क्रँकही नव्या वजनानुसार बॅलन्स करावा लागेल. सिक्सच्या क्रँकला ते लागत नाही, तो एकटाच बॅलन्स करता येतो. तरी फ्लायव्हील आणि क्लच प्लेटसह तो एकदा तपासून घ्यावा.

सिक्सचा क्रँक लांब असतो, त्यामुळे प्रत्येक स्फोटाबरोबर तो थोडा पिळला जातो. पुढच्या पुलीतला रबरी डॅम्पर हा पीळ शोषतो. वजन कमी करायच्या नादात त्याऐवजी घट्ट अॅल्युमिनियमची पुली लावू नका. वीस-तीस वर्षं जुन्या इंजिनाचा रबर सैल झालेला असतो, म्हणून हाफ इंजिन उघडलंच आहे तर चांगला नवा डॅम्पर घाला.

वर्कशॉपमध्ये

पिस्टन हातात येईपर्यंत ब्लॉक बोअर करायला देऊ नका. प्रत्येक पिस्टन निर्मात्याने सांगितलेल्या उंचीवर मायक्रोमीटरने मोजायचा, त्यावर नंबर टाकायचा आणि त्या नंबरचा सिलिंडर त्या पिस्टनला बेतून होन करायचा. आपल्याकडे ट्रक-ट्रॅक्टरचे ब्लॉक रोज बोअर करणारे कारागीर आहेत आणि त्यांचा हात पक्का असतो. पण सवयीची फट ते सवयीनेच ठेवतील. म्हणून पिस्टनसोबत आलेला मापाचा कागद त्यांना द्या आणि हवी ती फट आकड्यात लिहून द्या.

बोअर मोठा करून ताकद वाढेल, ही आशा ठेवू नका. ८६.५ मिमी केल्यावर क्षमता ३,०३२ सीसी होते, म्हणजे फक्त ३५ सीसी जास्त. बोअर करायचा तो झिजलेला सिलिंडर गोल आणि सरळ करण्यासाठी. जेवढं लागेल तेवढंच कापा, भिंत जाड राहू द्या.

होनिंग टॉर्क प्लेट लावूनच करून घ्या. हेडचे बोल्ट आवळले की सिलिंडर शतांश मिलिमीटरमध्ये वाकडे होतात. प्लेट तोच ताण आधी देते, म्हणून त्या अवस्थेत होन केलेला सिलिंडर हेड बसल्यावरही गोल राहतो. हेडसाठी स्टड वापरणार असाल तर प्लेटही त्याच स्टडने, त्याच टॉर्कने आवळायला सांगा. मेन कॅपला स्टड घालणार असाल तर मेन बेअरिंगची रांग पुन्हा तपासून घ्या. ब्लॉक आणि क्रँकची तड्यांसाठी चुंबकीय तपासणीही याच वेळी करा.

मोजताना उन्हाळ्याचा विचार हवा. मापं २० अंश सेल्सिअसला धरलेली असतात. मे महिन्यात नागपूरच्या किंवा अकोल्याच्या पत्र्याच्या शेडमध्ये ४० अंशाला मोजलंत, तर पिस्टन ब्लॉकपेक्षा जास्त फुगलेला असतो आणि फट जवळपास ०.०२ मिमी कमी दिसते. जिथे एकूण फटच ०.०९ मिमीच्या आसपास ठेवायची, तिथे हा फरक मोठा आहे. ब्लॉक, पिस्टन आणि मोजायची हत्यारं रात्रभर एकाच खोलीत ठेवा आणि पहाटे मोजा. पिस्टन हातात धरून गरम होऊ देऊ नका.

होनिंगनंतर सिलिंडर पेट्रोलने पुसणं पुरेसं नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रशने घासा. पांढरं फडकं तेलात बुडवून फिरवल्यावर ते काळं होत नाही, तोवर घासत राहा. भिंतीवर राहिलेली होनिंगची भुकटी नव्या रिंगा आणि बेअरिंग खाऊन टाकते.

कुठे किती फट?

अंतिम शब्द पिस्टन, रिंग आणि बेअरिंगच्या निर्मात्याचा. पुढचे आकडे अंदाज यावा म्हणून दिले आहेत. निर्मात्याच्या कागदापेक्षा तुमचं माप फार वेगळं आलं, तर थांबून पुन्हा मोजा.

• पिस्टन आणि भिंत: टर्बोसाठी २६१८ च्या पिस्टनला साधारण ०.०८ ते ०.१० मिमी, ४०३२ ला त्याहून कमी.

• वरच्या रिंगची फट: टर्बो इंजिनात बोअरच्या ०.००५ पट, म्हणजे ८६ मिमीला ०.४३ मिमी. बूस्ट मोठा असेल तर त्याहून थोडी जास्त. दुसऱ्या रिंगची फट वरच्याइतकी किंवा किंचित मोठी ठेवा, म्हणजे दोन्ही रिंगांमध्ये वायू साठून वरची रिंग उचलली जाणार नाही. फट मोठी राहिली तर थोडं कॉम्प्रेशन गळेल. लहान राहिली तर तापल्यावर रिंगची टोकं एकमेकांना भिडतील आणि पिस्टन फुटेल. शंका असेल तेव्हा मोठ्या बाजूला राहा.

• रॉड आणि मेन बेअरिंग: जर्नलच्या व्यासाचा हजारावा भाग. ५२ मिमीच्या रॉड जर्नलला ०.०५ मिमीच्या आसपास, ६२ मिमीच्या मेनला ०.०६. बेअरिंग रॉडमध्ये बसवून, बोल्ट पूर्ण आवळून, बोअर गेजने मोजा. प्लॅस्टिगेज खात्रीसाठी वापरा, मुख्य मापासाठी नको.

• पिस्टन आणि व्हॉल्व्ह: माथ्यावर मळलेली क्ले ठेवून क्रँक दोन फेरे फिरवा आणि दबलेली क्ले कापून मोजा. इनटेकला किमान २ मिमी, एक्झॉस्टला २.५ मिमी हवेत. जुन्या जीटीईत बेल्ट तुटला तरी व्हॉल्व्ह पिस्टनला लागत नाहीत, अशी रचना आहे. पण नवे पिस्टन आणि जास्त लिफ्टचे कॅम घातले की ही हमी संपली असं समजा.

रिंग घासताना एकच टोक घासा आणि कानस बाहेरच्या कडेकडून आतल्या कडेकडे चालवा, नाहीतर बाहेरचा लेप उडतो. फट मोजण्यापूर्वी रिंग पिस्टनच्या माथ्याने सिलिंडरमध्ये सरळ ढकला. तिरकी रिंग खोटं माप देते.

बसवताना

रॉड आणि त्याची कॅप ही जोडी कधीही तोडू नका. नंबर एका बाजूला आले पाहिजेत. पिस्टनवरची पुढची खूण टायमिंग बेल्टच्या दिशेला हवी. गजन पिनचे लॉक खाचेत पूर्ण बसले का, ते नखाने चाचपून पाहा.

रॉडचे बोल्ट केवळ टॉर्क पान्यावर विसंबून आवळू नका. बोल्टाची पकड त्याच्या ताणातून येते, आणि तेलाच्या फरकाने तोच टॉर्क वेगळा ताण देतो. स्ट्रेच गेजने बोल्टाची लांबी आवळण्याआधी आणि नंतर मोजा आणि निर्मात्याने दिलेला ताण गाठा. वंगण त्यांनी सांगितलेलंच लावा. मोकळ्या बोल्टाची मूळ लांबी लिहून ठेवा. पुढे कधी उघडल्यावर तो मुळापेक्षा ०.०२५ मिमीहून जास्त लांब भरला, तर फेकून द्या.

पिस्टन जोडीने बसवा. पहिला-सहावा खाली आणून दोन्ही बसवा, मग दुसरी जोडी, मग तिसरी. प्रत्येक पिस्टननंतर क्रँक फिरवायला किती जोर लागतो ते टॉर्क पान्याने बघा. जोर दर वेळी सारखाच थोडाथोडा वाढायला हवा. एखाद्या पिस्टनला तो एकदम वाढला, तर पुढे जाऊ नका. दोष त्याच सिलिंडरमध्ये आहे आणि आत्ता तो शोधणं सोपं आहे.

पहिला स्टार्ट आणि पहिले किलोमीटर

प्लग काढून, इंधन आणि इग्निशन बंद ठेवून, गेजवर तेलाचा दाब दिसेपर्यंत स्टार्टर मारा. मगच इंजिन सुरू करा. साधं मिनरल तेल वापरा. तासन् तास आयडलवर ठेवू नका. रिंगा भिंतीशी जुळतात त्या भाराने, म्हणून गळती आणि तापमान तपासून झालं की मध्यम भार द्या, मग गिअरमध्येच पाय सोडा आणि हे पुन:पुन्हा करा. बूस्ट मात्र कमीत कमी ठेवा. पहिल्या अर्ध्या तासाच्या चालण्यानंतर तेल आणि फिल्टर बदला आणि पाचशे किलोमीटरनंतर पुन्हा. फिल्टर कापून घडी उलगडा. लोखंडी बारीक कण चुंबकाला चिकटतील आणि थोडे असणं ठीक आहे. चुंबकाला न चिकटणारी चकाकी दिसली तर ती बेअरिंगची किंवा पिस्टनची असू शकते. इंजिन लगेच थांबवा.

२६१८ चे पिस्टन असतील तर तेल सुमारे ८० अंशापर्यंत तापल्याशिवाय जोर देऊ नका. थंडीतली टकटक नॉक सेन्सरला नॉकिंगसारखी ऐकू येते, हेही ट्यूनरला सांगा, म्हणजे तो सेन्सरची मर्यादा त्यानुसार बसवेल. आणि पिस्टन फोर्ज आहेत म्हणून इग्निशन पुढे ओढू देऊ नका. फोर्ज पिस्टन नॉकिंग थोडा वेळ जास्त सोसतो, कायमचा नाही.

कागदपत्रं आणि पैशांची वाटणी

भारतात नोंदणी असलेल्या गाडीसाठी मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ लक्षात ठेवा. नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील कंपनीने मूळ दिलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल करायला हे कलम मनाई करतं. बोअर केल्याने सीसी बदलते, म्हणून काम हाती घेण्यापूर्वी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीलाही कळवा. शर्यतीसाठी इंजिन बांधत असाल तर देशातल्या मोटरस्पोर्टचं नियमन करणाऱ्या एफएमएससीआयच्या ज्या गटात उतरणार, त्याची नियमावली आधी वाचा. बोअर, कॉम्प्रेशन किंवा वजनाची मर्यादा तिथे असू शकते आणि इंजिन बांधून झाल्यावर ती कळून उपयोग नाही.

पैसे मोजकेच असतील, तर वाटणी या क्रमाने करा: आधी मशीनिंग आणि मोजमाप, मग इंधनपुरवठा आणि ट्यूनिंग, मग रॉड आणि त्यांचे बोल्ट, मग पिस्टन. दुकानात सगळ्यांचा क्रम नेमका उलटा असतो, कारण पिस्टन दाखवता येतो आणि होनिंग दाखवता येत नाही. तुम्ही एका कागदावर सहा ओळी आखा, दर सिलिंडरला एक. प्रत्येक ओळीत पिस्टनची फट, दोन्ही रिंगांची फट, बेअरिंगची फट, दोन्ही बोल्टांचा ताण आणि वजन लिहा. हा कागद पूर्ण भरल्याशिवाय हेड बसवू नका, आणि इंजिन चालू झाल्यावरही तो जपून ठेवा. पुढे जो कोणी हे इंजिन उघडेल, त्याला आत काय आहे हे त्या कागदावरून कळेल.